डोळ्यांवरची पट्टी आणि परत आलेली फाइल

नऊ वर्षं मी कंपन्यांमधल्या मॅनेजर आणि सुपरवायझर मंडळींची सत्रं घेतोय. विषय एकच : तुमच्या हाताखाली अपंग माणूस आला तर त्याच्याकडून काम कसं घ्यायचं. हल्ली नवी मुलंमुली फोन करून विचारतात, 'या कामात यायचंय, सुरुवात कुठून करू?' तेच ते सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढतोय. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा, त्यातले अपंगत्वाचे २१ प्रकार, यूडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र) हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरून चालतो. ठाऊक नसेल तर एक रविवार मोडा आणि मूळ कायदाच वाचा, कुणाची पीपीटी नको.

मला पोलिओ आहे, डाव्या पायात कॅलिपर. त्यामुळे सुरुवातीला डोक्यात हवा होती की हा विषय आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. खोटं होतं ते. पायाच्या पोलिओवरून डोळ्यांचं काही कळत नाही आणि कानांचं तर त्याहून नाही. स्वतः अपंग असलेल्या नवख्यांना हे आधी सांगतो, कारण ही हवा आपल्यातच जास्त असते.

आता माझी चूक सांगतो. जरा लांबण लागेल, पण लागू दे.

मला या धंद्यात एका ज्येष्ठ प्रशिक्षकांनी आणलं. 'सत्र संपताना निदान तीन जणांच्या डोळ्यांत पाणी दिसलं पाहिजे,' हे त्यांचं सूत्र. त्यासाठी त्यांचा हुकमी खेळ म्हणजे डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि कँटीनमधून चहा घेऊन जागेवर यायचं. दहा मिनिटं. मी तो जसाच्या तसा उचलला. चाकणजवळच्या एका कारखान्यात तीसेक मॅनेजरांना पट्ट्या बांधल्या. कुणी खांबाला धडकलं, कुणाच्या पँटवर चहा सांडला, आधी हशा झाला, मग हळूहळू सगळे गप्प. अकाउंट्सचे एक साहेब पट्टी सोडून खाली बसले आणि खरोखर रडले. जाताना माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "सर, आज डोळे उघडले." फीडबॅकच्या कागदांवर बहुतेकांचे पाचपैकी पाच. त्या संध्याकाळी घरी येताना मी चितळ्यांची बाकरवडी घेतली होती, एवढं आठवतंय.

तीन आठवड्यांनी तिथल्या एचआरच्या मॅडमचा फोन आला. त्यांनी अकाउंट्सच्या रिकाम्या जागेसाठी एका अंध मुलाची फाइल पाठवली होती. बी.कॉम., दुसऱ्या कंपनीत दोन वर्षं बिलांचंच काम केलेला. फाइल परत आली. परत पाठवणारे तेच साहेब. त्यांचं म्हणणं मॅडमनी जसंच्या तसं ऐकवलं : "अहो, मला दहा मिनिटांत चहाचा कप सापडेना. तो बिचारा आठ तास कसे काढणार? कशाला त्याला त्रास द्यायचा?"

हे ते माझ्याच सत्रात शिकले होते.

नीट बघा काय झालं ते. पोहता न येणाऱ्याला विहिरीत ढकललं तर त्याला बुडणं कळतं, पोहणं नाही. पट्टी बांधलेल्या माणसाला आंधळेपणाची पहिली दहा मिनिटं कळतात. लहानपणापासून न दिसणाऱ्या मुलाने पांढरी काठी, ब्रेल, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) यांत घालवलेली पंधरा-वीस वर्षं त्याला कळत नाहीत, आणि नोकरीत कामाला येतात ती हीच वर्षं. मॅनेजर घरी जातो तो 'आपल्याला जमणार नाही' हे घेऊन, आणि 'आपल्याला'च्या जागी 'त्याला' कधी आलं हे त्याचं त्यालाही समजत नाही. व्हीलचेअरवर बसवून फिरवणं, कानात कापूस घालून गप्पा मारायला लावणं, सगळी याच माळेतली. (व्हीलचेअरचा एक उपयोग मान्य करतो : कारखान्याचा रॅम्प एकाला बारा, म्हणजे बारा फुटांत एक फूट चढ, या उताराचा आहे की नाही ते लगेच कळतं. पण त्यासाठी टेपही पुरते, मॅनेजरला रडवावं लागत नाही.)

तो मुलगा पुढे दुसरीकडे लागला असं कानावर आलं. त्याचा नंबर माझ्याकडे आहे. अजून फोन केलेला नाही.

तुम्ही हा खेळ आधीच घेतला असेल तर झोप उडवून घेऊ नका. त्या फोननंतरही मी तो सहा महिने घेत राहिलो, कारण कंपन्या मागायच्या आणि माझं घरभाडं त्यावर चालायचं. बंद करा, एवढंच.

मग सत्रात करायचं काय? त्यांचं रोजचं काम टेबलावर आणायचं. मी आता आधीच कळवतो की प्रत्येकाने आपल्या टीमची सगळ्यात जास्त वापरातली एक्सेल शीट घेऊन यावं. अंध सहकारी बरोबर असतो, तो लॅपटॉपवर एनव्हीडीए लावतो (हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो, हे ऐकूनच अर्ध्या खोलीचे चेहरे बदलतात) आणि ती शीट स्पीकरवर सगळ्यांना ऐकवतो. परवा एका डिस्पॅचच्या मॅनेजरची शीट होती. त्याचा नियम असा की लाल ओळी आज, पिवळ्या उद्या, हिरव्या झालेल्या. स्क्रीन रीडर गाडीचा नंबर, वजन, ठिकाण सगळं घडाघडा वाचत गेला, रंगाबद्दल चकार शब्द नाही, कारण सेटिंग बदलल्याशिवाय तो रंग सांगत नाही. मॅनेजर दोन मिनिटं गप्प बसला. मग उठून त्याने 'कधी' नावाचा एक रकाना वाढवला आणि त्यात आज, उद्या, झालं असं लिहायला लागला. खर्च शून्य. वर म्हणाला, "आमच्या देशमुखांना लाल-हिरवा नीट कळत नाही, त्यांचंपण काम झालं." एकत्र केलेले सेल, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेला स्क्रीनशॉट, स्कॅन करून पाठवलेली पीडीएफ हे अडथळेही असेच त्यांच्याच हाताने निघतात. कुणी रडत नाही. फीडबॅकला पाचपैकी चार मिळतात. चालतंय.

कर्णबधिर कामगारांचं प्रकरण वेगळं आणि मला ते उशिरा कळलं. सुपरवायझर छाती पुढे काढून सांगतात, 'आम्ही त्याला सगळं लिहून देतो.' पण लहानपणापासून खुणांच्या भाषेत वाढलेल्या माणसाला लिहिलेलं मराठी ही दुसरी भाषा असते. भारतीय सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं आहे, ती म्हणजे हातांनी बोललेलं मराठी नव्हे. तुमची सहा ओळींची चिठ्ठी वाचून तो मान हलवतो, कारण मान हलवली की साहेब जातात. 'समजलं का?' हा प्रश्नच बाद करा, 'करून दाखव' म्हणायला शिकवा. दुभाषी बोलवाल तेव्हा सत्र तासाभराच्या वर असेल तर दोन बोलवा, वीसेक मिनिटांनी ते आलटून पालटून काम करतात. एकावर भागवणं म्हणजे शेवटच्या अर्ध्या तासाचे पैसे पाण्यात.

आणि शिफ्टचा तक्ता मागून बघा. रात्रपाळी आणि ओव्हरटाइम कुणाला मिळत नाही ते शोधा. एका लाइनवर तीन वर्षं एका ऑपरेटरला 'काळजीपोटी' ओव्हरटाइम दिला नव्हता, भोंगा ऐकू येणार नाही म्हणून. काळजी खरी होती. पण त्यावर उपाय लुकलुकणारा दिवा आणि शेजारचा ठरलेला माणूस हा होता, पगार कापणं नव्हे.

कायद्याला सत्रात वीस मिनिटांवर वेळ देऊ नका. तीन गोष्टी पुरतात. ४ टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांना आहे, खासगीला नाही, हे मॅनेजर हमखास उलटसुलट करतात. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीच्या समान संधी धोरणात कुठली पदं योग्य, कोणत्या सोयी, संपर्क अधिकारी कोण हे असावं लागतं, ते कुठे लावलंय विचारा. आणि वाजवी सोय (अपंग माणसाला काम करता यावं म्हणून लागणारा, कंपनीला झेपणारा बदल) नाकारणं हाही भेदभावच, असं कायद्याची व्याख्याच म्हणते. 'आधी ४० टक्के अपंगत्वाचं सर्टिफिकेट दाखव' म्हणणारे भेटतील. त्यांना २०२१ चा विकास कुमार विरुद्ध यूपीएससी हा निकाल सांगा : लिहिताना हाताला पेटके येणाऱ्या उमेदवाराला ४० टक्क्यांची अट पूर्ण नसतानाही सर्वोच्च न्यायालयाने लेखनिक घेण्याचा हक्क मान्य केला. दंडाची भीती घालू नका. भीतीने फाइल परत येत नाही, ती खणात जाते.

आता माझी दोन खाष्ट मतं. ३ डिसेंबरची, म्हणजे जागतिक अपंग दिनाची, बोलावणी शक्यतो घेऊ नका. त्या दिवशी सगळ्यांना प्रेरणा हवी असते, शीट कुणालाच दाखवायची नसते. आणि सत्रात सहकारी म्हणून येणाऱ्या अपंग माणसाला मानधन द्या, तुमच्याच दराने. शाल आणि श्रीफळ घेऊन तो घरी गेला की नारळाची चटणी होते, भाडं निघत नाही.

शब्दांवरून घाबरू नका. दिव्यांग म्हणू, अपंग म्हणू की आणखी काही, यावर एक गट तुमचा अर्धा तास खाईल, कारण तो सोपा भाग आहे. 'समोरच्यालाच विचारा' म्हणा आणि पुढे चला. माझीही जीभ अजून घसरते, सॉरी म्हणायचं.

पहिल्याच सत्रात मागच्या रांगेतून कुणीतरी विचारेल, 'आणि काम जमलं नाही तर काढता येतं का?' बाकीचे त्याच्याकडे रागाने बघतील. तुम्ही बघू नका. सरळ सांगा : इतरांना जसं काढता तसंच, पण आधी सोय दिली होती का ते कागदावर दाखवा. मग चहाच्या वेळी त्यालाच गाठा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा जागा त्याच्याच टीममध्ये रिकामी असते.