जुन्या पिकअपचा रेडिएटर गळतोय? आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) आत उघडून बघा

चैत्र संपत आला की आपल्याकडे खानदेशात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि नेमका तेव्हाच माल निघतो. रावेर-यावलकडे केळीची कटाई, पाचोरा-भडगावकडे लिंबू. थंडीत बिनतक्रार चाललेली दहा-बारा वर्षांची पिकअप मे महिन्यात भरल्या मालासकट रस्त्यात उभी राहते. बऱ्याचदा कारण साधं असतं. रेडिएटर थोडा थोडा गळत असतो आणि आपण रोज सकाळी बोअरचं पाणी ओतून वेळ मारून नेत असतो.

मी दोन उन्हाळे तेच केलं. मग एका दुपारी कन्नड घाटात, लिंबाच्या गोण्या भरलेल्या असताना तापमानाचा काटा लाल पट्टीत गेला. घाईत कॅप उघडली आणि उकळतं पाणी थेट हातावर आलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोलली. लिंबं ताडपत्रीखाली तापून पिवळी पडली, तो भाव गेलाच. गाडी ओढून खाली चाळीसगावला आणली. रेडिएटरवाल्याने वरची टाकी काढून पेपरावर ठोकली, तर पांढऱ्या खपल्यांचा ढीग पडला. तो एवढंच म्हणाला, "भाऊ, पानी कितलंबी टाक, भोक तठेच शे." म्हणजे पाणी कितीही टाक, भोक तिथेच आहे.

त्या खपल्या आपल्या ओळखीच्या आहेत. ठिबकच्या ड्रिपरमध्ये बसतो तोच क्षार. पाणी तापलं की तो लवकर बसतो, आणि रेडिएटरच्या नळ्या तर ड्रिपरसारख्याच बारीक. गळती असली की रोज नवं पाणी टाकावं लागतं, म्हणजे रोज नवा क्षार आत जातो. भोक राहतं बाजूला, नळ्या तुंबतात आणि गाडी आणखी तापते. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. ठिबकच्या नळ्या (लॅटरल) धुवायला आणलेलं ॲसिड रेडिएटरमध्ये टाकू नका. आताच्या बहुतेक रेडिएटरची जाळी ॲल्युमिनियमची असते, ॲसिड तिला खाऊन टाकतं.

गळती शोधायला रात्री इंजिनखाली कोरडा पुठ्ठा अंथरा. सकाळी ओला डाग कुठे पडलाय ते बघा आणि त्याच्या वरच्या बाजूला हात फिरवा. जाळी आणि प्लास्टिकच्या टाकीचा सांधा, होज पाइपची टोकं, वॉटर पंपाखालचं बारीक छिद्र, या नेहमीच्या जागा. गळून वाळलेल्या ठिकाणी हिरवट किंवा पांढरा ओघळ दिसतो. कॅपचं रबर कडक झालंय का तेही बघा. कॅपवर ०.९ असा आकडा असेल तर ती साधारण तेवढा बार दाब धरते, आणि त्या दाबामुळे पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. रबर गेलं की हा आधार गेला. कॅप बदलायला फार खर्च येत नाही, पण नवी घेताना आकडा तोच घ्या.

बाहेर कुठेच ओल नाही आणि पाणी तरी कमी होतंय, तर ऑइलची पट्टी काढा. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं, किंवा थंड गाडी कॅप काढून चालू केल्यावर पाण्यात सारखे बुडबुडे आले, तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधलं पॅकिंग, गेलेलं असू शकतं. मग गाडी चालवू नका, ओढूनच न्या.

रस्त्यात काटा चढला तर एसी बंद करा, हीटर असेल तर पूर्ण चालू करा, सावली बघून थांबा आणि इंजिन बंद करा. अर्धा-पाऊण तास कॅपला हात लावायचा नाही. वरचा होज फडक्याने दाबून बघा. तो गरम आणि टणक आहे तोवर आत दाब आहे. नरम पडला की ओलं फडकं टाकून कॅप पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, वाफ जाऊ द्या, मग काढा. त्यानंतर इंजिन चालू करून पाणी हळूहळू ओता. तापलेल्या इंजिनावर एकदम गार पाणी पडलं तर हेडला तडा जाऊ शकतो. होज फाटला असेल तर तो कोरडा करून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा आणि वरून तार आवळा. हळद टाकण्याचा ड्रायव्हर लोकांचा उपाय मलाही माहीत आहे. बारीक भोक त्याने तात्पुरतं बुजतं, पण तीच हळद नळ्यांतही बसते. घर गाठायला एकदा ठीक, त्यानंतर रेडिएटर धुवून घ्यायलाच हवा.

दुरुस्तीचं म्हणाल तर जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर चांगला झाळता येतो, तो भंगारात देऊ नका. ॲल्युमिनियम-प्लास्टिकच्या टाकीला तडा गेला असेल तर एम-सीलवर हंगाम काढण्याची आशा धरू नका, टाकी किंवा अख्खा रेडिएटर बदला. भरताना अर्धं कुलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचं रसायन) आणि अर्धं बॅटरीत टाकतो ते डिस्टिल्ड वॉटर. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कुलंट कशाला, असं बरेच जण विचारतात. ते गंज धरू देत नाही आणि पाणी उशिरा उकळतं, आपल्याला त्यासाठीच ते हवं.

जाळी बाहेरूनही तुंबते. गव्हाचा भुसा, कापसाची रुई, धूळ. पाण्याचा साधा पाइप घ्या आणि इंजिनच्या बाजूने पुढे धुवा. फवारणीचा एचटीपी पंप लावला तर पत्र्याच्या बारीक पात्या दुमडतात आणि हवा जायची वाट बंद होते.

काढलेलं जुनं कुलंट गोठ्याजवळ किंवा हौदाच्या कडेला सोडू नका. ते गोडसर लागतं, म्हणून कुत्रं, वासरू, शेळी चाटते, आणि ते विषारी आहे. थोडंसंही जिवावर बेततं. घमेल्यात धरा, झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर नाव लिहा आणि पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा. जमिनीवर सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, आणि जागा वाळेपर्यंत जनावरं तिकडे सोडू नका.