वापरलेली सुई आणि कचरा उचलणारे हात: छोट्या रुग्णालयांसाठी मार्गदर्शन

रक्तातून पसरणाऱ्या आजारांपासून कर्मचाऱ्यांना जपण्याचा विचार करताना डॉक्टर आणि परिचारिका चटकन आठवतात. मात्र कचऱ्याच्या पिशवीत चुकून पडलेली सुई बहुधा टोचते ती मावशींना किंवा वॉर्डबॉयला, आणि ती कोणत्या रुग्णाची होती हे त्यांना कळण्याचा मार्गही नसतो. म्हणून व्यवस्थेची आखणी त्यांच्यापासून सुरू करावी.

पहिले काम लसीकरणाचे. हिपॅटायटिस बी झालेल्या रुग्णाची सुई टोचल्यास लस न घेतलेल्या व्यक्तीला संसर्ग होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के असते, तर एचआयव्हीच्या बाबतीत ती सुमारे ०.३ टक्के आहे. हिपॅटायटिस बीची लस शून्य, एक आणि सहा महिने अशा तीन मात्रांत मिळते. जैववैद्यकीय कचरा हाताळणाऱ्यांना ती देणे २०१६ च्या नियमांनुसार रुग्णालयाचे कर्तव्य आहे. कर्मचारी कंत्राटी असल्याची सबब येथे सांगू नये.

वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवू नये. नीडल कटर आणि सुयांसाठीचा पांढरा, भोक न पडणारा डबा इंजेक्शन दिले जाते तेथेच, हाताच्या अंतरावर असावा आणि तीन चतुर्थांश भरताच तो बंद करावा. पातळ हातमोजे सुई अडवत नाहीत. कचरा वाहणाऱ्यांना जाड हातमोजे व बूट द्यावेत, तरीही पिशवी हाताने दाबू नये आणि अंगापासून दूर धरावी.

सुई टोचलीच, तर जखम साबण व वाहत्या पाण्याने धुवावी. ती पिळू नये, बोट तोंडात घालू नये, त्यावर ब्लीच ओतू नये. एचआयव्ही प्रतिबंधक औषधाची गरज आहे का, हे डॉक्टरांनी लगेच ठरवावे. गरज असल्यास पहिली मात्रा शक्यतो दोन तासांत आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी व औषध २८ दिवस घ्यावे. रुग्णाच्या तपासणीचा अहवाल यायचा आहे, एवढ्या कारणासाठी पहिली मात्रा थांबवू नये. लस न झालेल्यांसाठी हिपॅटायटिस बीची लस व इम्युनोग्लोब्युलिन (त्या विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन) यांचाही निर्णय त्याच वेळी, शक्यतो २४ तासांत व्हावा.

हे सारे रात्रपाळीत अडते. त्यामुळे औषध कोठे आहे आणि कोणाला फोन करायचा, हे परिचारिकांच्या टेबलाजवळ मराठीत ठळक लिहून लावावे. घटना कळवणाऱ्याला रागावू नये, कारण बोलणी बसतील या भीतीने मावशी गप्प राहिल्या तर औषधाची वेळ निघून जाते. नोंद गोपनीय ठेवावी आणि त्याच दिवसाच्या रक्ततपासणीनंतर सहा आठवडे, तीन महिने व सहा महिन्यांनी होणाऱ्या तपासण्यांचा खर्च रुग्णालयाने उचलावा.