पोरानं धाडस केलंय, कुणाच्या मदतीला धावलंय? त्याचं नाव पुरस्कारासाठी असं पाठवा

दरवर्षी टीव्हीवर राष्ट्रपतींच्या हातून मेडल घेणारी पोरं दिसली की आपण म्हणतो वा, काय पोरं आहेत. आणि मग लगेच आठवतं की अरे आपल्या गावातल्या त्या पोरीनं पण गेल्या पावसाळ्यात ओढ्यातून दोघांना बाहेर काढलं होतं, तिचं काय झालं पुढे? बहुतेक वेळा काहीच झालेलं नसतं, शाळेत सत्कार, एक नारळ, शाल, पेपरात दोन ओळी आणि संपलं. कारण एकच, कुणी बसून कागदावर लिहून ते वेळेत पाठवलंच नाही. सरकारला आपोआप कळत नसतं हो, कुणीतरी कळवावं लागतं, आणि ते कुणीतरी म्हणजे तुम्ही असू शकता. शिक्षक, शेजारी, काका, मावशी, कुणीही.

आधी कुठे पाठवायचं ते बघू. मुख्य पुरस्कार म्हणजे प्रधानमंत्री राष्ट्रीय बाल पुरस्कार, महिला आणि बालविकास मंत्रालयाचा. यात सहा गट आहेत, शौर्य, समाजसेवा, पर्यावरण, क्रीडा, कला-संस्कृती आणि विज्ञान-तंत्रज्ञान. वय 5 ते 18, आणि ते त्या वर्षीच्या 31 जुलैला मोजतात. मूल भारताचं नागरिक आणि भारतात राहणारं हवं, आणि घटना किंवा काम अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या मागच्या दोन वर्षांतलं हवं. हे दोन वर्षांचं नीट लक्षात ठेवा, कारण लोक "यंदा राहू दे, पुढच्या वर्षी निवांत भरू" म्हणतात आणि मग एकतर पोरगं 18 पार होतं नाहीतर घटना जुनी होते.

अर्ज फक्त ऑनलाइन, अवॉर्ड्स डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर. मूल स्वतः भरू शकतं, दुसरं कुणी नाव सुचवू शकतं, संस्थाही सुचवू शकते. नाव, जन्मतारीख, मोबाइल, ईमेल, आधार हे देऊन आधी रजिस्ट्रेशन करायचं, मग चालू नॉमिनेशनमध्ये बाल पुरस्कार शोधायचा, गट निवडायचा आणि फॉर्म भरायचा. फोटो लागतो, कागदपत्रं पीडीएफमध्ये जोडायची, 2025 च्या सूचनेत जास्तीत जास्त 10 जोडता येत होती. शेवटची तारीख साधारण जुलैअखेर असते, 2025 ला ती 15 ऑगस्टपर्यंत वाढवली होती, पण वाढेल म्हणून थांबू नका, त्या वर्षीची सूचना पोर्टलवरच बघा.

आता खरं काम, ते म्हणजे मजकूर. जास्तीत जास्त 500 शब्द मिळतात आणि सगळी मदार त्यावर असते, आणि बहुतेक अर्ज इथेच कच्चे राहतात असं मला वाटतं. कारण आपण सत्काराच्या भाषणासारखं लिहितो. "स्वतःच्या जिवाची पर्वा न करता अतुलनीय शौर्य दाखवून अनेकांचे प्राण वाचवले" असलं वाक्य वाचून निवड करणाऱ्याला काय कळणार? असं वाक्य कुणाच्याही अर्जात चालेल, म्हणजे ते तुमच्या पोराबद्दल काहीच सांगत नाही.

समजा एका 13 वर्षांच्या मुलानं विहिरीत पडलेल्या लहान मुलीला काढलंय. तर असं लिहा: दुपारी चारची वेळ, मुलगी 6 वर्षांची, विहिरीला कठडा नव्हता, पाणी मोठ्या माणसाच्या डोक्यावरून जाईल इतकं. जवळ मोठं माणूस कुणी नव्हतं, सगळे शेताच्या दुसऱ्या टोकाला. मुलानं आधी ओरडून हाका मारल्या, मग मोटारीला बांधलेला दोर सोडून खाली टाकला, मुलीला तो धरता येईना म्हणून दोराचं टोक झाडाला बांधून स्वतः पायऱ्यांवरून उतरला आणि तिचा फ्रॉक धरून ठेवला, माणसं येईपर्यंत. बस. एकही विशेषण नाही आणि तरी वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर सगळं उभं राहतं. मुलानं काय पाहिलं, काय ठरवलं, कोणत्या क्रमानं केलं, त्याला स्वतःला धोका काय होता, आणि त्यानं केलं नसतं तर काय झालं असतं, एवढं आलं पाहिजे.

देशातल्या मुलांच्या शौर्य पुरस्कारांची सुरुवातच अशा एका अगदी ठोस कृतीतून झालीय. 2 ऑक्टोबर 1957 ला दिल्लीच्या रामलीला मैदानावर कार्यक्रम चालू होता, पंडित नेहरू हजर होते, शॉर्ट सर्किट होऊन शामियान्याला आग लागली आणि हरिश्चंद्र मेहरा नावाच्या 14 वर्षांच्या स्काउटनं चाकूनं कापड फाडून लोकांना बाहेर पडायला वाट करून दिली. चाकू, कापड, वाट. इतक्या वर्षांनीही ही गोष्ट सांगता येते ती या तीन गोष्टींमुळे. तसंच मुंबईची झेन सदावर्ते, 2018 ला परळच्या क्रिस्टल टॉवरला आग लागली तेव्हा ती 10 वर्षांची होती, तिनं लोकांना सुती कपडे ओले करून नाकातोंडाला लावायला सांगितलं आणि धुरात श्वास घेता आला, 17 जण वाचले. ती युक्ती तिनं शाळेच्या प्रोजेक्टमध्ये शिकली होती. तुमच्या अर्जातही असं काही असेल, म्हणजे पोराला पोहता येत होतं का, फर्स्ट एड शिकला होता का, तर ते नक्की लिहा, त्यावरून कळतं की पोरानं डोकं वापरलं.

पुरावे घटनेनंतर लगेच गोळा करायला लागा. सहा महिन्यांनी माणसांना तारीखसुद्धा आठवत नाही. ज्याला वाचवलं त्याचा किंवा त्याच्या घरच्यांचा सहीचा लेखी जबाब सगळ्यात आधी घ्या, तोच सगळ्यात वजनदार. मग पोलिसांत नोंद झाली असेल तर तिची प्रत, दवाखान्याचं डिस्चार्ज कार्ड, अग्निशमन दल आलं असेल तर त्यांचा रिपोर्ट, पेपरातलं कात्रण तारखेसकट, मुख्याध्यापकांचं पत्र, बोनाफाईड, जन्मदाखला. गावात असाल तर ग्रामसभेचा ठराव करून घ्या, सरपंच आणि पोलीस पाटलाचं पत्र घ्या. आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग आणि जन्मतारीख आधारशी जुळतेय का ते बघा, पडताळणीत नेमकं तिथेच अडतं.

एक कळकळीची विनंती, आकडे फुगवू नका. तीन जण वाचवले असतील तर तीनच लिहा. खोटं उघडं पडलं तर नाचक्की त्या लेकराची होते, तुमची नाही.

आता दयाळूपणाचं. हे मला शौर्यापेक्षा अवघड वाटतं, कारण यात एक दिवस, एक घटना असं काही नसतं. एखादी मुलगी दोन वर्षं रोज तिच्या अंध मैत्रिणीला हात धरून शाळेत आणते, तिला धडे वाचून दाखवते, परीक्षेला तिच्यासाठी लेखनिक म्हणून बसते, याची बातमी कोण करणार? असं काम समाजसेवेच्या गटात पाठवता येतं, पण त्यासाठी नोंद लागते. म्हणून शिक्षकांनी एक साधी वही ठेवावी, तारीख, काय केलं, कुणासाठी, खाली सही. फोटो थोडेच पण खरे, मुद्दाम उभं करून काढलेले नकोत. मैत्रिणीचं स्वतःच्या शब्दांतलं पत्र घ्या, आधी काय होत होतं आणि आता काय बदललं असं, कारण फॉर्ममध्ये परिणामही सांगायचा असतो. ती आधी आठवड्यातून दोनदा यायची आणि आता रोज येते, हजेरीपटाची प्रत सोबत, याहून चांगला पुरावा नाही.

आणि ज्यांना मदत केली त्यांचा मान राखा. आजारी, गरीब, अपंग माणसाचा फोटो त्याला न विचारता लावायचा नाही. पोरालाही विचारा, अगदी नीट बसून विचारा, "तुझं नाव पाठवू का?" काही मुलांना ती घटना पुन्हा पुन्हा सांगायला लागली की त्रास होतो, झोप उडते, विशेषतः कुणी वाचू शकलं नसेल तर. अशा वेळी अर्ज बाजूला ठेवा आणि आधी मुलाशी बोला, लागलं तर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, 14416 वर फोन करा. मरणोत्तर नाव पाठवता येतं, पण ते आईवडिलांच्या मनाची तयारी झाल्यावरच, तोपर्यंत गावानं घाई करू नये.

घटना गुन्ह्याची असेल, म्हणजे अपहरण, छेडछाड, बालविवाह थांबवला वगैरे, तर अजून जपून. मूल पीडित किंवा साक्षीदार असेल तर बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 74 नुसार त्याची ओळख उघड करता येत नाही. फेसबुकवर फोटो आणि शाळेचं नाव टाकून कौतुक करण्याआधी हे तपासा.

अजून दोन वाटा सांगून ठेवतो. जीवन रक्षा पदक केंद्रीय गृह मंत्रालयाचं आहे, बुडणं, आग, अपघात, विजेचा शॉक, दरड अशा प्रसंगी जीव वाचवल्याबद्दल, आणि त्याला वयाची अट नाही, म्हणून 18 पार केलेल्या पोरापोरींसाठी ते बघा. शिफारस राज्य सरकारमार्फत जाते, त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. रस्ता अपघातातल्या गंभीर जखमीला पहिल्या तासात दवाखान्यात नेणाऱ्यासाठी राह-वीर योजना आहे, 25,000 रुपये मिळतात.

पैसे मागणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. "तुमच्या मुलाची निवड झालीय, रजिस्ट्रेशन फी भरा, ट्रॉफीचा खर्च द्या" असे फोन, मेसेज येतात, वर देशाचं नाव, तिरंगा, सगळं असतं. बाल पुरस्काराच्या अर्जाला एक रुपयाही लागत नाही.

कौतुक करताना बाकीची मुलं ऐकत असतात हेही बघा. शाळेत गोष्ट सांगाल तेव्हा "त्यानं उडी मारली" एवढ्यावर थांबू नका. आधी ओरडायचं, मोठ्यांना बोलवायचं, 112 ला फोन लावायचा, दोर, काठी, ओढणी, रिकामा कॅन जे हाताला लागेल ते टाकायचं, पोहता येत नसेल तर पाण्यात उतरायचंच नाही, हे त्याच दमात सांगा.

अर्ज सबमिट झाला की त्याचा नंबर लिहून ठेवा, प्रिंट काढा, आणि दिलेला मोबाइल नंबर बदलू नका, पडताळणीचा फोन त्यावरच येणार. पुरस्कार आता 26 डिसेंबरला, वीर बाल दिवसाला देतात, त्याआधी काही कळलं नाही तर समजायचं यंदा नाही. दोन वर्षांची मुदत आणि वय शिल्लक असेल तर मजकूर पुन्हा वाचून, राहिलेले कागद जोडून पुढच्या वर्षी परत भरा.