मिळून घेतलेली डिझेल बोट कशी चालवायची आणि कशी सांभाळायची

चारपाच जणांनी मिळून बोट घेतली की कुणाला कुठला शनिवार यावर आधी वाद होतात, पण त्याच्याआधी एक वही आणा आणि ती सुकाणूजवळ दोरीने बांधून ठेवा. डिझेल इंजिन वापराने फारसं झिजत नाही, नीट ठेवलं तर हजारो तास चालतं. शेअरिंगमधल्या बोटीचा घात होतो तो एकाला दिसलेलं दुसऱ्याला कळलं नाही म्हणून. तापमानाचा काटा नेहमी 80 वर थांबायचा आणि आज 88 वर गेला, ही गोष्ट ज्याने बघितली त्याला किरकोळ वाटते आणि पुढच्याला नेहमी किती असतो तेच माहीत नसतं. ग्रुपवर मेसेज टाकू म्हणाल तर तो वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली गाडला जातो, म्हणून वहीच. निघताना आणि परतल्यावर तासाच्या मीटरचा (इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या) आकडा, ऑइल कुठवर होतं, तापमान, किती लिटर डिझेल भरलं, आणि काही वेगळं दिसलं, ऐकलं किंवा वास आला तर ते. काही वेगळं नसेल तर 'काही नाही' असं लिहायचं, जागा कोरी सोडायची नाही, कारण कोऱ्या जागेवरून बघितलंच नव्हतं की बघून ठीक होतं हे कळत नाही.

आता निघण्याआधीचं. इंजिनाचं झाकण उघडून आधी नुसतं बघा आणि वास घ्या. खाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाचा खोलगट भाग) पाणी किती आहे, त्यावर डिझेलचा तवंग आहे का, बेल्टखाली काळी भुकटी पडलीय का (पडली असेल तर बेल्ट घासतोय). मग डिपस्टिक. ऑइल कमी झालं तर भराच, पण अचानक वाढलेलं दिसलं तर जास्त घाबरा, म्हणजे त्यात पाणी नाहीतर डिझेल उतरतंय. आणि दुधाळ, चहासारखं दिसत असेल तर पाणीच, इंजिन अजिबात चालू करू नका. कूलंट थंड असतानाच बघायचं. त्यानंतर डिझेल फिल्टरखालची पारदर्शक वाटी, तिच्या तळाशी पाणी वेगळं साचलेलं दिसतं, ते डब्यात सोडून द्यायचं आणि वहीत लिहायचं. दर वेळी पाणी निघत असेल तर टाकीत कुठून तरी जातंय, बहुतेक वेळा डेकवरच्या झाकणाचं रबर गेलेलं असतं.

मग सीकॉक, म्हणजे बाहेरचं पाणी इंजिनाला आत घेणारा व्हॉल्व्ह. तो बंद राहिला आणि इंजिन चालू केलं तर पंपातला रबरी इम्पेलर कोरडा फिरतो आणि कोरडा तो काही मिनिटंसुद्धा टिकत नाही, त्याच्या पाकळ्या तुटतात आणि तुकडे पुढे हीट एक्स्चेंजरमध्ये (बाहेरच्या पाण्याने कूलंट गार करणारा भाग) जाऊन अडकतात. यावर एक साधा उपाय आहे, सगळ्यांनी पाळायचा: सीकॉक बंद केला की इंजिनाची चावी त्याच्याच दांड्याला अडकवून ठेवायची. पुढच्याला चावी हवी असेल तर हात तिथे न्यावाच लागतो.

चालू करताना गिअर न्यूट्रलमध्ये, किल स्विचची दोरी (ओढली गेली की इंजिन बंद होतं) अंगाला. ग्लो प्लग (थंड इंजिन आतून तापवणारे) असतील तर दिवा विझेपर्यंत थांबा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये त्याला थंड होऊ द्या. आणि दोनतीनदा मारूनही चालू होत नसेल तर सीकॉक बंद करूनच पुढचे प्रयत्न करा, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. इंजिन नुसतं स्टार्टरने फिरत असतं तेव्हा पंप पाणी ढकलत राहतो पण ते बाहेर फेकायला धुराचा जोर नसतो, मग सायलेन्सर भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरतं, आणि तिथून पुढचा खर्च मोठा. इंजिनाने पकडलं की लगेच सीकॉक उघडा. पकडल्याबरोबर मागे जाऊन बघा, एग्झॉस्टमधून पाणी थुंकल्यासारखं टप्प्याटप्प्याने पडलं पाहिजे. अर्ध्या मिनिटात पाणी दिसलं नाही तर बंद करा आणि शोधा.

धुराकडे बघायची सवय लावा. थंड असताना थोडा पांढरा धूर चालतो, गरम झाल्यावरही राहिला तर डिझेल नीट जळत नाहीये किंवा वाफ आहे. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंजिनावर ओझं जास्त किंवा हवा कमी, आणि बोटीत त्याचं नेहमीचं कारण म्हणजे तळाला आणि पंख्याला चिकटलेलं शेवाळ, शिंपले. ते तपासायची सोपी पद्धत आहे, मोकळ्या पाण्यात इंजिन गरम झाल्यावर थोडा वेळ पूर्ण थ्रॉटल द्या आणि कंपनीने सांगितलेल्या कमाल आरपीएमपर्यंत काटा पोचतो का बघा. शेदोनशे कमी पडायला लागले की बोट वर काढून तळ घासायची वेळ आली. तशीच रेटत राहिलात तर डिझेलही जातं आणि इंजिनही आतून भाजतं.

निघाल्यावर पहिली पाचदहा मिनिटं हळूच. पण डिझेलला तासन्‌तास नुसतं आयडलवर ठेवू नका, गार चालल्याने सिलिंडरच्या भिंती गुळगुळीत चकाकतात आणि ऑइल खायला लागतं. थोडं ओझं द्या, त्याला तेच मानवतं. इंधनाचा हिशोब तीन भागांत: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव, आणि राखीवला हात लावायचा नाही. समोरून बोट आली की दोघांनीही उजवीकडे वळायचं, आडवी जाणारी बोट तुमच्या उजवीकडून येत असेल तर वाट तुम्ही द्यायची. नजर सतत चौफेर, मोबाईल दुसऱ्याकडे द्या. मागे कुणी पाण्यात उतरणार असेल तर इंजिन बंद, न्यूट्रलवर भागत नाही.

धक्क्याला लावताना दोर आणि फेंडर (बाजूला टांगायच्या मऊ गाद्या) आधीच तयार ठेवा. वारा आणि प्रवाह यातलं जे जास्त जोराचं असेल त्याच्या विरुद्ध तोंड करून या, म्हणजे बोट आपोआप थांबते. पुढचा आणि मागचा गिअर टाकताना मध्ये न्यूट्रलमध्ये एक श्वास थांबा, गिअरबॉक्स त्यानेच टिकतो. बहुतेक एका पंख्याच्या बोटीत रिव्हर्स टाकला की मागची बाजू एका अंगाला सरकते, पुढे जाताना मागून बघितल्यावर उजवीकडे फिरणाऱ्या पंख्यात ती डावीकडे. तुमची कुठे जाते ते मोकळ्या जागेत बघून ठेवा, मग तीच गोष्ट लावताना कामाला येते. धक्का आणि बोट यांच्यामध्ये हात किंवा पाय कुणीही घालायचा नाही, कितीही छोटी बोट असली तरी.

बंद करण्याआधी तीन ते पाच मिनिटं आयडलवर, खासकरून टर्बो असेल तर, नाहीतर बेअरिंगमधलं ऑइल तिथेच जळून बसतं. बॅटरीचा मेन स्विच इंजिन पूर्ण थांबल्यावरच बंद करा, चालू इंजिनावर केला तर अल्टरनेटरचे डायोड जातात. मग गोड्या पाण्याने धुणं, बिल्ज बघणं, सीकॉक बंद, चावी दांड्याला, वही.

डिझेलचे पैसे. तासावर वाटले तर भांडणं होतात, कारण एक जण हळू फिरतो आणि एक पूर्ण थ्रॉटलने. पूर्ण ताकदीवर ढोबळमानाने 100 हॉर्सपॉवरला तासाला 20 लिटर लागतं, हळू चालवलं तर त्याच्या अगदी थोडा भाग. म्हणून नियम एकच ठेवा, ज्याने नेली त्याने टाकी भरून परत लावायची. याचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतला दमटपणा पाणी होऊन खाली बसतो, आणि पाणी आणि डिझेल भेटतात त्या थरावर जंतू आणि बुरशी वाढते, काळपट चिकट गाळ होतो. धक्क्याला बोट शांत असते तोवर तो तळाशी पडून राहतो, लाटांत बोट उडायला लागली की ढवळून वर येतो आणि फिल्टर बंद, म्हणजे जिथे इंजिन सगळ्यात जास्त हवं तिथेच ते मरतं. दुरुस्ती आणि सर्व्हिसचा फंड मात्र तासाच्या मीटरवर वाटा, तो बरोबर बसतो.

सर्व्हिसला ऑइल आणि फिल्टर मॅन्युअलमधल्या तासांप्रमाणे, आणि तास कमी झाले तरी वर्षातून एकदा बदलाच, कारण पडून राहिलेल्या ऑइलमधलं आम्ल आतून खातं. इम्पेलर दर वर्षी. जुना काढल्यावर पाकळ्या मोजा, एखादी कमी असेल तर ती सापडेपर्यंत पाइप उघडा. झिंकचे तुकडे, म्हणजे बोटीचे धातूचे भाग वाचवायला स्वतः झिजणारे, अर्धे झाले की बदला, खाऱ्या पाण्यात झिंक किंवा अॅल्युमिनियम, गोड्या पाण्यात मॅग्नेशियम, आणि त्यांना रंग लावायचा नाही, लावला तर ते काम करत नाहीत.

एका डब्यात इम्पेलर गॅस्केटसकट, दोन्ही डिझेल फिल्टर, बेल्ट, क्लॅम्प, ऑइल, आणि सीकॉक तुटला तर भोकात ठोकायला त्याच्या मापाच्या लाकडी गुट्ट्या. ज्याने वापरलं त्याने आठवड्याच्या आत आणून ठेवायचं. आणि गटात नवीन कुणी आलं तर चावी हातात देण्याआधी त्याच्याकडून धक्क्यावरच डिझेल फिल्टर बदलून, डिझेलच्या पाइपांतली हवा काढून, इंजिन परत चालू करून घ्या, शिकवणाऱ्याने पाना हातात न घेता शेजारी बसायचं.