फिल्टर कॉफी बिघडते कुठे? या चुका टाळा

माटुंग्याला वाटी-पेल्यात मिळते तशी कॉफी घरी जमावी म्हणून मी स्टीलचा फिल्टर (एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या बुडाला बारीक भोकं) आणला आणि पहिले पंधरा दिवस घरच्यांनी मुकाट्याने चहा घेतला. दोष पावडरीला देऊन झाला, दुधाला देऊन झाला. चुकत होता माझाच हात.

सगळ्यात जास्त छळणारी तक्रार म्हणजे डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, खाली उतरतच नाही. वरच्या भांड्यात पावडर घातली की दांडीच्या चकतीने ती ठासून दाबायचा मोह होतो. तसं करू नका. भांडं हलकेच हलवून पावडर सपाट करा, चकती नुसती टेकवा आणि उकळी आल्यावर अर्धा मिनिट थांबलेलं पाणी गोल फिरवत ओता. तरी अडलंच, तर फिल्टर आपटत बसू नका. दोन भांडी घट्ट बसली की खालची हवा कोंडते आणि थेंब थांबतात. वरचं भांडं किंचित उचलून परत ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच धार सुटते. नाहीतर भोकं बुजलेली असतात. रिकामं भांडं उजेडाकडे धरलं की लगेच कळतं. स्टीलचं असेल तर बूड गॅसच्या आचेवर क्षणभर धरा, अडकलेली पावडर जळून जाते. (चिमट्याने धरा. मी हाताने धरलं होतं.)

याच्या उलट, पाणी दोन मिनिटांत खळकन खाली आलं तर पावडर जाड आहे किंवा कमी पडली आहे. छोट्या फिल्टरला तीन भरगच्च चमचे हवेतच, आणि वेळ पंधरा-वीस मिनिटं.

इथे चिकोरीचाही हात असतो. ते एका झाडाचं भाजलेलं मूळ, कॉफीच्या पावडरीत मिसळतात. त्यात कॅफिन नसतं, पण ते पाणी धरून ठेवतं, म्हणून डिकॉक्शन दाट, काळं आणि सावकाश उतरतं. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान 51 टक्के असावी लागते, म्हणजे उरलेली जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते! पाकिटावर प्रमाण छापलेलं असतं, ते वाचा. मला 80-20 आवडतं. चिकोरीवाल्या पावडरीवरून एकदम शुद्ध कॉफीवर गेलात तर तीच चकती थोडी दाबावी लागेल, नाहीतर पुन्हा पाणचट.

डिकॉक्शन गॅसवर उकळणं हा तर गुन्हाच. कडवट होतं आणि वास उडून जातो. दूध कडकडीत तापवा, त्यात गार डिकॉक्शन घाला.

डबा फ्रिजमध्ये उघडझाप करत ठेवू नका, ओल धरते, शेजारच्या भाजीचा वासही लागतो. दोन आठवड्यांपुरतीच पावडर आणा.

आणि आपली जायफळाची कॉफी? ती इन्स्टंटचीच बरी. फिल्टरच्या पावडरीत जायफळ मिसळलं की पुढचे चार दिवस फिल्टरला तोच वास. किसणीवर दोनदा घासलं की पुरे, जास्त झालं तर कडू लागतं.

पहिलं डिकॉक्शन उतरल्यावर त्याच पावडरीवर थोडं गरम पाणी घालून दुसरं काढता येतं. ते पातळच असतं. पाहुण्यांना पहिलं द्या, दुसरं आपण प्यावं.