लंडनमध्ये मास्टर्स संपलं, आता रूम कुठे बघायची?

दर सप्टेंबरला हाच मेसेज येतो, दादा कोर्स संपला, जॉब लागला, कुठल्या एरियात रूम बघू? माझा उलटा प्रश्न ठरलेला, ऑफिस ट्यूबच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, कुठल्या लाइनवर आहे ते आधी सांग, एरिया नंतर. इथे नकाशावर शेजारी दिसणारी जागा दोन गाड्या बदलून तासावर निघते, आणि झोन ५ मधलं (झोन १ म्हणजे मध्य लंडन, आकडा वाढेल तसं लांब) लांबचं वाटणारं हॅरो थेट मेट्रोपॉलिटन लाइनवर असल्यामुळे मध्य लंडनमधल्या मूरगेटला ऑफिस असणाऱ्याला सोयीचं पडतं.

वेम्बली पार्कचंच घ्या. एकाच स्टेशनवर ज्युबिली पण आणि मेट्रोपॉलिटन पण. ज्युबिली मधल्या सगळ्या स्टेशनांवर थांबत जाते, मेट्रोपॉलिटन इथून निघाली की थेट फिंचली रोड, म्हणजे आपली स्लो आणि फास्ट लोकलच समजा. पण शुक्रवारी-शनिवारी रात्रभर ज्युबिली चालते, मेट्रोपॉलिटन नाही, त्यामुळे पार्टीहून दोनला घरी येणार असाल तर हे पण धरा. स्टेडियममध्ये मॅच असली की मात्र स्टेशनबाहेर मुंगीला शिरायला जागा नसते.

"आपली माणसं" कुठे आहेत म्हणाल तर देशी वस्ती वेम्बली, हॅरो, हाउन्स्लो, ईस्ट हॅम, इलफर्ड अशी. वेम्बलीच्या ईलिंग रोडला कोथिंबीर-कढीपत्त्यापासून हंगामात आंब्याच्या पेट्यांपर्यंत सगळं मिळतं. हाउन्स्लोला डोक्यावरून विमानं जातात, झोप सावध असेल तर विचार करा. मराठी गल्ली वगैरे शोधू नका, आपण सगळीकडे थोडे थोडे पसरलेलो आहोत. डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळ आहे, १९३२ पासूनचं, गणपतीला तिकडे या, पण त्यासाठी तिकडेच रूम घ्यायची गरज नाही.

आता पैसे. जाहिरातीत आठवड्याला २०० पौंड दिसले की आपण लगेच चारने गुणून ८०० धरतो, तिथेच गणित चुकतं. वर्षाचे ५२ आठवडे, भागिले १२, म्हणजे महिन्याला ८६६ च्या वर. डिपॉझिट साधारण पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि रूम धरून ठेवायला एका आठवड्याच्या वर नाही, हा इंग्लंडमधला कायदाच आहे. डिपॉझिट ३० दिवसांत डिपॉझिट सुरक्षित ठेवणाऱ्या सरकारमान्य स्कीममध्ये टाकलं का ते पण विचारा. मालक त्याच घरात राहत असेल तर हा स्कीमवाला नियम लागत नाही, ते लक्षात ठेवा. आणि रूम न बघता पैसे पाठवायचे नाहीत, मालक "सध्या परदेशात" असला तर अजिबातच नाही.

सगळ्यात जास्त पोरं फसतात ती काउन्सिल टॅक्समध्ये, म्हणजे राहत्या घरावर तिथली पालिका घेते त्या टॅक्समध्ये. घरातले सगळे फुल टाइम स्टुडंट असतील तर तो माफ असतो. चार मित्र एकत्र राहतात, त्यातल्या एकाचा कोर्स आधी संपला की माफी गेली, मग २५ टक्के सूट मिळते पण बाकीचं बिल येतं ते या कमावत्याच्या नावावर, आणि घरात भांडणं सुरू. जुन्या मित्रांसोबत राहायचं असेल तर राहा, पण हे आधी बोलून घ्या. रूम वेगवेगळ्या करारावर दिलेल्या असतील तर हा टॅक्स बहुतेक वेळा मालकाकडे असतो, तरी करारात वाचाच.

माझी स्वतःची गोष्ट सांगतो. पहिल्या वर्षी जानेवारीत रविवारी रात्री लाइट गेली, हीटर बंद, मला वाटलं लोडशेडिंग. बाहेर बघतो तर समोरच्या घरात झगझगाट. मग वरच्या मजल्यावरचा खाली येऊन विचारतो, चावी कोणाकडे आहे? कसली चावी? जिन्याखालच्या कपाटात प्रीपेड मीटर होता, त्याची प्लास्टिकची चावी कोपऱ्यावरच्या दुकानात नेऊन रिचार्ज करायची, इमर्जन्सी बॅलन्स आधीच संपलेला आणि दुकान बंद. अख्खी रात्र दोन स्वेटर आणि जॅकेट घालून काढली. तेव्हापासून घर बघायला गेलो की जिन्याखालचं कपाट आधी उघडतो.

तसंच बेडरूममधलं कपाट जरा पुढे ओढून मागची भिंत बघा. काळे ठिपके असतील तर ती बुरशी, आणि एकाच कोपऱ्याला ताजा रंग मारलेला असेल तर का मारला ते विचारा. रूम उन्हाळ्यात बघता तेव्हा सगळं छानच दिसतं हो.

शेवटचं, सही करायच्या आधी मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी आठ वाजता त्या स्टेशनवर जाऊन ऑफिसपर्यंत एकदा खरंच जाऊन या. माझ्या मावसभावाने स्ट्रॅटफर्डची झकास रूम नक्की केली होती, सकाळी सेंट्रल लाइनच्या तीन गाड्या सोडल्या, चौथीत कसाबसा घुसला, आणि संध्याकाळी फोन केला की दादा, दुसरं काहीतरी बघूया.