जुन्या एमएक्स-५ मधली कूलंटची गळती: या चुका टाळा

माझदा एमएक्स-५ या दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्स कारची पहिली पिढी १९८९ ते १९९७ या काळात बनली. अमेरिकेत तिला मियाटा म्हणतात, जपानमध्ये ती युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. आधी १.६ लिटरचं इंजिन आलं, मग १.८ चं. त्यातली सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता पंचवीस वर्षांच्या पुढे गेली आहे, त्यामुळे रबर कडक होणं आणि प्लास्टिक ठिसूळ होणं अटळच. ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलियात राहून ही गाडी घरीच दुरुस्त करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. गाडीत कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, जेमतेम ६ लिटर असतं, म्हणून एक-दोन लिटरची गळतीही दुर्लक्ष करण्याजोगी नाही.

थेंब पडतो तिथेच गळती आहे असं समजणं

सगळ्यात जास्त पैसा या चुकीत जातो. गाडीच्या पोटाखाली प्लास्टिकचा मोठा पत्रा, म्हणजे अंडरट्रे असतो. वरून ओघळलेलं कूलंट त्यावर साचतं, गाडी ज्या बाजूला कललेली असेल तिकडे वाहतं आणि भलत्याच जागी टपकतं. म्हणून आधी गाडी जॅक-स्टँडवर पक्की बसवा आणि अंडरट्रे काढा. इंजिन डिग्रीझरने धुऊन कोरडं करा. जुन्या ओघळांवर नवी गळती ओळखता येत नाही.

टपकतंय ते कूलंटच आहे का, हेही बघा. पांढरा टिश्यू पेपर टेकवा. कूलंटला रंग असतो, ते बोटाला बुळबुळीत लागतं आणि गोडसर वास येतो. एसी चालवल्यावर खाली पडणारं स्वच्छ, वास नसलेलं पाणी हा बिघाड नाही. चव मात्र चुकूनही घेऊ नका, एथिलिन ग्लायकॉल विषारी आहे.

प्रेशर टेस्ट न करता पार्ट बदलत सुटणं

कूलिंग सिस्टिमचा हातपंप, म्हणजे प्रेशर टेस्टर, विकत किंवा भाड्याने मिळतो. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण काढा, कूलंट तोंडापर्यंत भरा, टेस्टर बसवा आणि दाब १ बारपर्यंत, म्हणजे साधारण १५ पीएसआयपर्यंत न्या. पंधरा मिनिटं थांबा. काटा उतरला तर टॉर्च आणि लहान आरसा घेऊन वरून खाली शोधत या. जास्त दाब दिला तर गळती लवकर सापडेल, हा हिशेब चुकीचा आहे. दीड बार दाबाने जुनी, पण अजून धड असलेली प्लास्टिकची टाकीही फुटू शकते.

थंड इंजिनवर काटा हलत नाही, पण गाडी चालवल्यावर कूलंट कमी होतं, असंही घडतं. काही तडे धातू तापून पसरल्यावरच उघडतात. अशा वेळी कूलंटमध्ये यूव्ही डाय टाकून दोन-तीन दिवस गाडी चालवा आणि अंधारात यूव्ही टॉर्च मारा. याउलट, काही गळत्या फक्त थंडीतल्या सकाळी दिसतात. त्या बहुधा आकसलेल्या होजच्या, म्हणजे रबरी नळ्यांच्या, आणि सैल क्लिपच्या असतात.

झाकणाला किरकोळ समजणं

या गाडीत दाबाचं झाकण रेडिएटरवर असतं. बाजूची बाटली दाबाखाली नसते, ती फक्त जादा कूलंट साठवते. झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. इंजिन तापल्यावर एक उघडतो आणि कूलंट बाटलीत जातं, थंड होताना दुसरा उघडतो आणि ते परत ओढलं जातं. पहिल्याची स्प्रिंग मेली तर बाटली वाहते. दुसरा अडकला तर रात्री थंड झालेल्या गाडीचा वरचा होज चपटा झालेला दिसतो. बाटलीकडे जाणाऱ्या बारीक नळीला चीर असेल तर परत येताना कूलंटऐवजी हवा आत शिरते. मग बाटली भरलेली आणि रेडिएटर रिकामा, असा फसवा प्रकार होतो. म्हणून पातळी नुसती बाटलीत बघून भागत नाही. थंड असताना झाकण उघडून रेडिएटरचं तोंड तपासा.

दाब टिकला नाही तर उकळबिंदूही खाली येतो. ५०-५० मिश्रण दाबाखाली सव्वाशे अंशांच्या पुढे उकळतं, दाब नसेल तर १०८ अंशांच्या आसपासच.

नेहमीच्या जागा सोडून भलतीकडे शोधणं

रेडिएटरपासून सुरुवात करा. गाभा अॅल्युमिनियमचा असतो, टाक्या काळ्या प्लास्टिकच्या. वरच्या टाकीचा रंग काळ्यावरून शेवाळी किंवा तपकिरी झाला असेल तर ती ठिसूळ झाली आहे. आज गळत नसली तरी रेडिएटर बदला. अशा टाकीला इपॉक्सी लावणं म्हणजे पुढच्या लांबच्या प्रवासात रस्त्याकडेला उभं राहायची तयारी.

मग इंजिनच्या मागे जा. तिथे हीटरचे होज फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात, शिरतात आणि ते वरून नीट दिसत नाहीत. हेडच्या, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाच्या, मागे बसवलेल्या कॅम अँगल सेन्सरची ओ-रिंग (रबरी कडं) कडक झाली की तिथून ऑइल गळतं आणि थेट या होजवर पडतं. ऑइलने रबर फुगतं, मऊ पडतं आणि शेवटी फुटतं. त्यामुळे इथे ऑइल आणि कूलंट अशा दोन गळत्या एकाच वेळी असू शकतात. फक्त होज बदलला तर नवाही तसाच कुजेल. काही रुपयांची ओ-रिंग त्याच वेळी बदला. थ्रॉटल बॉडीला कूलंट नेणाऱ्या बारीक नळ्या लोक हमखास विसरतात, त्याही चिमटून बघा. दाबल्यावर करकरल्या तर बदलायच्या.

पुढच्या बाजूला, क्रँक पुलीच्या खाली ओल दिसली तर संशय वॉटर पंपावर. तो टायमिंग बेल्टवर फिरतो आणि कव्हरच्या आड असतो. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. आतलं सील गेलं की कूलंट तिथून बाहेर येतं. वाळका डाग चालेल, थेंब चालणार नाही. ते भोक सीलंटने बुजवू नका, कारण मग कूलंट बेअरिंगमध्ये शिरतं.

पंप बदलायचा तर टायमिंग बेल्ट, टेन्शनर, आयडलर आणि कॅम-क्रँकची सील एकदमच बदला. बेल्टची मुदत १,००,००० किमी धरतात आणि मजुरी तीच असते. एक सावधगिरी: १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ इंजिनांत क्रँकचं नाक, म्हणजे पुली बसते ते टोक, आखूड असतं. पुलीवर चार खाचा असतील तर आखूड, आठ असतील तर लांब. दोन्हींच्या मधल्या बोल्टचा टॉर्क वेगळा आहे. आखूड नाकावर तो बोल्ट चुकीचा आवळला गेला तर पुली जागेवर धरणाऱ्या कीची खाच झिजते आणि नुकसान थेट क्रँकशाफ्टचं होतं. म्हणून मॅन्युअलमधला आकडा बघूनच टॉर्क रेंच लावा.

ओला गालिचा बघून डॅशबोर्ड उघडणं

हीटर कोअर, म्हणजे केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर, फुटला तर पायाशी ओल येते, काचेवर तेलकट वाफ धरते आणि गोड वास येतो. पण या गाडीत ओल्या गालिच्याचं त्याहून सामान्य कारण म्हणजे सॉफ्ट-टॉपच्या (कापडी छताच्या) मागे, दोन्ही कोपऱ्यांतली तुंबलेली निचऱ्याची भोकं. ओल सीटच्या मागून येत असेल आणि पाण्याला वास नसेल, तर आधी ती भोकं साफ करा. हीटर कोअरपर्यंत जायला डॅशबोर्डशी झुंजावं लागतं.

पुडीवाला इलाज

रेडिएटरमध्ये टाकायची गळतीबंद पावडर किंवा द्रव छोटं भोक बुजवतो, पण हीटर कोअरच्या अरुंद नळ्याही तोच बुजवतो. टो करायची सोयच नसेल अशा आडरानातला शेवटचा उपाय म्हणून ठीक, त्यानंतर सगळी सिस्टिम फ्लश करावी लागेल. आपल्याकडे जुन्या गाड्यांच्या रेडिएटरमध्ये नळाचं पाणी ओतायची सवय मुरलेली आहे. या इंजिनाचा ब्लॉक लोखंडी आणि हेड अॅल्युमिनियमचं. नुसत्या पाण्याने एक गंजतो, दुसरं कुरतडलं जातं आणि थंड देशात पाणी गोठून ब्लॉक तडकतो तो वेगळाच. डिस्टिल्ड वॉटर आणि एथिलिन ग्लायकॉल निम्मे-निम्मे घ्या, म्हणजे साधारण उणे ३७ अंशांपर्यंत संरक्षण मिळतं. रंगावरून कूलंटचा प्रकार ठरत नाही, त्यामुळे आधी काय भरलंय हे माहीत नसेल तर सगळं काढूनच नवं भरा.

बाहेर काहीच दिसत नाही, म्हणून सोडून देणं

कूलंट घटतंय आणि बाहेर थेंबही नाही, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील, तपासा. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची टेस्ट किट लावा. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा रंग पिवळा होतो. थंड इंजिन सुरू केल्याबरोबर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होणं हीही तीच खूण. पण त्याआधी रेडिएटरचा पंखा बघा. तो बंद असेल तर ट्रॅफिकमध्ये इंजिन तापून कूलंट बाटलीतून बाहेर फेकलं जातं आणि गळतीचा भास होतो. बॉनेटखालच्या डायग्नोसिसच्या डबीत टीएफए आणि जीएनडी या दोन खाचा वायरने जोडून इग्निशन ऑन केलं की पंखा फिरायला हवा. फिरला तर मोटर ठीक, मग थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंट सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) घरावरचा स्विच तपासा.

बसवताना आणि भरताना घाई

मूळच्या स्प्रिंग क्लिप फेकू नका. रबर आकसलं-पसरलं तरी त्या पकड राखतात. स्क्रूच्या क्लिप वापरल्या तर प्लास्टिकच्या तोंडावर माफकच आवळा. थर्मोस्टॅटमधली हलणारी पिन वरच्या बाजूला, बारा वाजल्याच्या जागी यावी, म्हणजे हवा निसटते. गॅस्केटच्या दोन्ही पृष्ठभागांवरचा जुना थर खरवडून काढा आणि घराचे दोन्ही बोल्ट आळीपाळीने सुमारे २० न्यूटन-मीटरपर्यंतच आवळा.

भरताना गाडीचं नाक वर ठेवा, हीटर पूर्ण गरमवर. झाकण न लावता इंजिन आयडलिंगवर चालवा, अधूनमधून वरचा होज दाबा, बुडबुडे थांबेपर्यंत थोडं थोडं भरत राहा. पंखा एकदा सुरू होऊन बंद झाला आणि हीटरमधून गरम हवा आली की झाकण लावा. बाटली खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये भरा. तापमानाच्या काट्यावर विसंबू नका. सेन्सरभोवती कूलंटच नसेल तर इंजिन भाजत असतानाही तो खोटं सांगतो.

दुसऱ्या सकाळी, इंजिन थंड असताना, झाकण उघडून तोंडापर्यंत भरा. साधारण शंभर किलोमीटरनंतर स्क्रूच्या क्लिप पुन्हा तपासा. काढलेलं जुनं कूलंट बंद डब्यात भरून रिसायकलिंग केंद्रात द्या. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि थोड्याशा मात्रेनेही मरतात.